पिलोनिडल सायनस उलटल्यावर: पुढच्या ऑपरेशनची तयारी आणि नंतरचे दिवस

माझं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मी २४ वर्षांचा होतो, तिसरं झालं तेव्हा ३१. मधली सात वर्षं मी घरी, ऑफिसात आणि मित्रांना एकच सांगत होतो, "बसायच्या जागी गळू झालंय." खरं तर तो पिलोनिडल सायनस होता: कुल्ल्यांमधल्या घळीत केस आत शिरून कातडीखाली तयार होणारा, पू वाहणारा मार्ग. त्या जागेबद्दल आपल्याकडे कुणी मोकळेपणानं बोलत नाही. त्यामुळे पोरं मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आणतात, ते गुपचूप लावतात आणि सहा महिने घालवतात. आता ओळखीत कुणाच्या मुलाला हे निघालं की फोन मला येतो. दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. ऑपरेशनच्या टेबलावर तीनदा पालथा झोपून आलेला माणूस आहे. औषध आणि चिरफाडीचा निर्णय तुमच्या सर्जनचा. त्यांच्यासमोर बसताना तुम्हाला काय माहीत असावं, ते इथे आहे.

आधी नक्की तेच आहे ना, ते बघा

जागा ठरलेली: माकडहाडाच्या मागे, दोन्ही कुल्ल्यांमधल्या घळीत. घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांगा. लाज बाजूला ठेवा, हा फोटो पुढे फार उपयोगी पडतो. घळीच्या बरोबर मध्यावर सुईच्या टोकाएवढी एक-दोन छिद्रं दिसतात, कधी त्यातून केस डोकावतो. पू मात्र बहुतेकदा थोडा वर आणि बाजूला फुटतो. म्हणजे आत जायची वाट मधे आणि बाहेर यायची बाजूला. मूळव्याध गुदद्वारात असते, भगंदराचं तोंड गुदद्वाराजवळ असतं. तुमचं छिद्र गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर आधी भगंदर नाही ना, हे तपासून घ्या. त्यासाठी एमआरआय करायला सांगतात.

आजार उलटला असेल तर आणखी दोन-तीन गोष्टींची शंका डॉक्टरांच्या कानावर घाला. काखेत किंवा जांघेतही अशाच गाठी येतात का? महिनोन् महिने जुलाब, पोटदुखी, वजन उतरणं असं काही आहे का? घरात कुणाला टीबी होता का? न भरणाऱ्या जखमेमागे कधी कधी यातलं काही निघतं. आधीच्या ऑपरेशनात काढलेला तुकडा तपासणीला गेला होता का, तो रिपोर्ट शोधा. आणि शुगर बघा. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) वाढलेलं असेल तर सर्जन कितीही चांगला असो, जखम रेंगाळते.

"मूळ राहिलं म्हणून परत आलं"

हे वाक्य मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि एका कंपाउंडरनंही ऐकवलं. मीही दुसऱ्या वेळी सर्जनना म्हणालो, "डॉक्टर, या वेळी मुळापासून काढा." त्यांनी काढलं. मुठीएवढा खड्डा झाला, भरायला साडेचार महिने लागले, आणि दोन वर्षांनी त्याच खड्ड्याच्या तळाशी नवं छिद्र पडलं.

या आजाराला मूळ नसतं. नावातच उत्तर आहे: लॅटिनमध्ये 'पिलस' म्हणजे केस आणि 'नायडस' म्हणजे घरटं. हे नाव १८८० साली अमेरिकेतल्या हॉजेस नावाच्या सर्जननं दिलं. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरांनाही हा जन्मजात दोष वाटायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातले सुमारे ८० हजार सैनिक यानं दवाखान्यात भरती झाले. खडबडीत रस्त्यांवर तासन् तास जीपमध्ये बसणारे त्यात बरेच, म्हणून त्याला 'जीपचा आजार' म्हणायला लागले. जन्मजात दोष एवढ्या जणांना एकदम विशीतच कसा आठवेल?

खरा प्रकार असा. घळ खोल, ओलसर आणि हवा न लागणारी. बसलं-उठलं की दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात आणि सुटे केस त्या खाचेत ओढले जातात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. त्यामुळे कुसळ कपड्यात जसं एकाच दिशेनं पुढे सरकतं तसा केस आत जातो, मागे येत नाही. शरीर त्याला परका समजून पू करतं. आणि हे केस तिथलेच असतील असंही नाही. जर्मनीत काही सर्जननी आतले केस तपासले तेव्हा त्यातले कितीतरी डोक्याच्या मागच्या भागाचे निघाले, दोन्ही टोकं कापलेले आखूड तुकडे. सलूनमधून मानेवरून पाठीवर, पाठीवरून खाली. न्हाव्यांना हाच आजार बोटांच्या बेचक्यात होतो, हे कळल्यावर मला सगळं एकदम पटलं.

म्हणजे आजार मांसात नाही, घळीच्या आकारात आणि केसांत आहे. मांस कितीही काढा, घळ तशीच राहिली आणि जखमेचा व्रण तिच्या तळाशीच आला, तर पुढच्या केसाला आधीपेक्षा कच्ची कातडी मिळते. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं.

आत्ता पू भरला असेल तर

ठणका, ताप, टणक लाल सूज असेल तर आज किंवा उद्या जा. पू चीर देऊन काढावा लागतो. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तो दबतो आणि परत येतो. चीर मध्यरेषेवर न देता बाजूला दिलेली बरी, तेवढं विचारून घ्या. गरम पाण्याच्या शेकानं तात्पुरता आराम पडतो. घरी सुई मारू नका, पिळू नका. मोठं ऑपरेशन पू भरलेला असतानाच उरकायची घाई करू नये. सूज बसू द्यावी, काही आठवडे जाऊ द्यावेत.

सर्जनकडे बसल्यावर

पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येक हॉस्पिटलच्या पाटीवर वेगळाच 'कायमस्वरूपी' असतो.

सगळं कापून जखम उघडी ठेवणं ही जुनी पद्धत. टाके नसल्यामुळे ते तुटायची भीती नाही, पण भरायला ८ ते १२ आठवडे, कधी त्याहून कितीतरी जास्त. कापून सरळ मध्यावर टाके घालणं दिसायला नीटनेटकं, पण टाके तुटण्याचं आणि आजार परतण्याचं प्रमाण यात जास्त. २०१० साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं निरनिराळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की टाके घालायचेच असतील तर ते मध्यरेषेपासून बाजूला असावेत.

बाजूला आणायच्या मुख्य पद्धती तीन. लिंबर्ग फ्लॅपमध्ये समभुज चौकोनी तुकडा काढून शेजारची कातडी-चरबी फिरवून तिथे बसवतात. आपल्याकडे हे करणारे सर्जन बरेच आहेत. व्रण मोठा दिसतो, आणि मूळ पद्धतीत खालचं टोक मध्यरेषेवरच येतं व नेमकं तिथेच परत बिघडतं. म्हणून ते टोक बाजूला सरकवून सुधारित लिंबर्ग करतात. दुसरी कारिडाकिस. ग्रीक लष्करातले सर्जन जॉर्ज कारिडाकिस यांनी १९७३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली. पुढे हजारो रुग्णांत आजार परतण्याचं प्रमाण त्यांनी शंभरात एकापेक्षा कमी दाखवलं. तो त्यांच्या हाताचा आकडा आहे, सगळ्यांना तो गाठता येत नाही. तिसरी क्लेफ्ट लिफ्ट, अमेरिकेतल्या जॉन बॅस्कम यांची. यात मांस फार न काढता कातडी सैल करून घळच उथळ करतात. वारंवार उलटलेल्या, महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेसाठी मला ही सगळ्यात पटते. माझी तिसरी तीच होती.

छोटे उपायही आहेत: नुसती छिद्रं टिपून काढणं, मार्ग साफ करून फेनॉल हे रसायन भरणं, दुर्बिणीनं किंवा लेसरनं आतून जाळणं. एक-दोन छिद्रं असतील तर यापासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे. चार दिवसांत माणूस कामावर जातो. मात्र दोनदा कापलेल्या, व्रणांनी आखडलेल्या जागी त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. क्षारसूत्राचं, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याचं, विचारणारे पुष्कळ असतात. सुश्रुतानं नाडीव्रणाच्या, म्हणजे आत नळीसारखा मार्ग गेलेल्या जखमेच्या, प्रकारांत शल्यज, म्हणजे आत परकी वस्तू अडकून होणारा, वेगळा सांगितलाय, आणि तो इथे चपखल बसतो. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला तो दोरा मार्ग हळूहळू कापत नेतो. भगंदरात त्याचा अनुभव मोठा आहे. करायचंच तर आयुर्वेदातल्या शल्यतंत्राच्या एमएस वैद्यांकडे करा, आणि घळीचं-केसांचं काम उरतंच, हे विसरू नका.

सर्जनना मी तिसऱ्या वेळी चारच प्रश्न विचारले. टाके मध्यरेषेच्या बाजूला येतील का? घळ उथळ होईल का? उलटलेल्या किती केसेस तुम्ही केल्यात? टाके उसवले तर पुढे काय? चौथ्या प्रश्नाचं उत्तर जे शांतपणे देतात, त्यांच्याकडे जावं.

पैशांचं एक: बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत पिलोनिडल सायनस दोन वर्षांच्या प्रतीक्षा कालावधीच्या यादीत असतो, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळत नाही. ॲडमिट होण्याआधी पॉलिसी वाचा. सरकारी योजनेतून करायचं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करा.

ऑपरेशनच्या आधीचा महिना

सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. निकोटीननं रक्तवाहिन्या आखडतात आणि फ्लॅपला जगायला रक्तच लागतं. निदान चार आठवडे आधी सोडा आणि जखम भरेपर्यंत सोडलेलं राहू द्या. डोक्याचे केस कापायचे तर ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी, आणि लगेच डोक्यावरून आंघोळ.

घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं किंवा विकत आणून ठेवा. उकिडवं बसलं की घळ पूर्ण ताणली जाते आणि सगळा जोर टाक्यांवर येतो. हे मला पहिल्या दोन्ही वेळी कुणी सांगितलं नव्हतं. बाकी सामान साधं: हातात धरायचा शॉवर, सैल सुती हाफ पँटी, दोन जादा उशा, ट्रिमर, निर्जंतुक गॉज, कागदी चिकटपट्टी, इसबगोल. ड्रेसिंग कोण करणार हे आधी ठरवा, कारण तिथे स्वतःचा हात आणि डोळा एकाच वेळी पोचत नाही.

ऑपरेशनचा दिवस

कमरेतून भूल देतात, पालथं झोपवतात, दोन्ही बाजू रुंद चिकटपट्ट्यांनी ताणून धरतात. तासाभराचं काम. नंतर काही तास लघवी अडू शकते. लाजून थांबू नका, सिस्टरना सांगा. बसल्यावर वाढणारी आणि आडवं पडल्यावर कमी होणारी डोकेदुखी भुलीच्या सुईमुळे असू शकते, तीही सांगा. फ्लॅप असेल तर एक नळी आणि छोटी बाटली लावलेली असते. रोज किती पाणी येतं ते लिहून ठेवा. कमी झालं की काढतात, बहुधा काही दिवसांत.

टाके असतानाचे दोन आठवडे

झोपायचं कुशीवर किंवा पालथं. सर्जननी उताणं चालेल म्हटलं तर थोडा वेळ उताणं. उभं राहणं, घरात सावकाश चालणं पहिल्या दिवसापासून. बसणं फक्त कमोडवर आणि जेवणापुरतं, तेही दोन्ही मांड्यांवर भार देऊन, माकडहाडावर रेलून नाही. मांडी घालून बसणं महिनाभर विसरा. पूजा, सत्यनारायण, लग्नाची पंगत, सगळीकडे खुर्ची मागून घ्या. वाकून बादली उचलू नका. कुशीवरून उठताना आधी पाय खाली सोडायचे, मग हातांच्या जोरावर उठायचं.

शौचाला कुंथायची वेळ येऊ देऊ नका. वेदनाशामक गोळ्यांतल्या काहींनी पोट घट्ट होतं, त्यामुळे पहिल्या रात्रीपासून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सारक चालू ठेवा. पाणी भरपूर, ताक, भाकरी-भाजी. धुताना पाणी पुढून मागे, म्हणजे जखमेकडे, जाऊ देऊ नका. नंतर गॉजनं टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी चड्डीला लालसर पाणी लागलं तर हबकू नका. आत साचलेला द्रव बाहेर येतो, तो बऱ्याचदा आपोआप थांबतो, फक्त फोन करून कळवा. ताप, वाढता ठणका, पसरत जाणारी लाली, घाण वासाचा पू, काळपट पडत चाललेली कातडी किंवा दाबूनही न थांबणारं रक्त, यातलं काही दिसलं तर मात्र रात्र उलटू देऊ नका. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. लवकर काढा म्हणून मागे लागू नका, तिथे कातडीवर सतत ताण असतो.

जखम उघडी असेल तर

उघडी ठेवली असो की टाके उसवून उघडी झालेली असो, इथे सगळा खेळ रोजच्या ड्रेसिंगचा आहे आणि घाईचा उपयोग नाही. माझ्या दुसऱ्या जखमेचं ड्रेसिंग आईनं १३४ दिवस केलं. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटले होते. शेवटी शेवटी डॉक्टरांच्या आधी तिला कळायचं, की आज कड बरोबर नाही.

ड्रेसिंगआधी अर्धा तास वेदनेची गोळी. मग शॉवरचं कोमट पाणी दोन-तीन मिनिटं थेट जखमेवर. चिकटलेलं गॉज ओढू नका, भिजू द्या. हात साबणानं धुऊन, चांगल्या उजेडात, पालथं झोपून आत नीट बघायचं. लाल, डाळिंबाच्या दाण्यांसारखं दिसलं तर उत्तम. पिवळसर पातळ थर म्हणजे दर वेळी पू नव्हे. एकही सुटा केस दिसला तर चिमट्यानं काढायचा, आणि जखमेभोवती दोन-तीन बोटं रुंदीचे केस ट्रिमरनं कमी ठेवायचे. कापलेले तुकडे धुऊन टाकल्याशिवाय ड्रेसिंग बसवायचं नाही. गॉज आत ठासून भरायचं नाही. हलकं, तळापर्यंत पोचेल असं ठेवायचं, एवढ्यासाठी की जखम तळापासून वर भरावी. वरची कड आधी मिटली तर आत पोकळी राहते आणि आजार तिथेच परत सुरू होतो.

हळद, पावडर, घरचं तूप, कुणाच्या गावची जडीबुटी, काही नको. जखम स्वच्छ झाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतायचं माझ्या सर्जननी थांबवलं. नवं येणारं मांसही त्यानं दुखावतं. मांस कातडीच्या वर फुगून आलं तर सिल्व्हर नायट्रेट लावून बसवतात. जखम खोल असेल तर व्हॅक्यूम ड्रेसिंगचा (यंत्रानं जखमेतलं पाणी ओढून घेणाऱ्या) पर्याय विचारा. दर आठवड्याला फुटपट्टी शेजारी धरून फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि तीन-चार आठवडे माप जिथल्या तिथे असेल तर "अजून थोडे दिवस बघू" यावर न थांबता दुसरं मत घ्यायला तो पुरावा असतो. बहुतेकदा अडतो तो खालचा, गुदद्वाराजवळचा टोकाचा भाग. अशी अडलेली जखम क्लेफ्ट लिफ्टनं बंद करतात.

कामावर, बाईकवर

फ्लॅप नीट बसला असेल तर टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांनी, दर अर्ध्या तासाला उठत. मधे भोक असलेली टायरसारखी उशी मला सोसली नाही, ती दोन्ही बाजू ओढून धरते. मागच्या बाजूला खाच असलेली बरी वाटली. दुचाकी सहा आठवडे नको, आणि नंतरही खड्ड्यांचा रस्ता असेल तर पार्श्वभाग उचलून. अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणाऱ्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना मी उभं राहून वाचायला उंच स्टूल किंवा खिडकीची कड शोधायला सांगतो. एसटी-ट्रक चालवणाऱ्यांना हे सांगणं सोपं नाही, ते मान्य. निदान दर थांब्यावर खाली उतरा आणि घामेजलेली पँट बदला.

केसांचं काम

हे ऑपरेशनपेक्षा लांब चालतं, अंदाजे चाळिशीपर्यंत; त्यानंतर आजार आपोआप विरळ होतो. वस्तरा नको. वस्तऱ्यानं काढलेल्यांत आजार जास्त परतल्याचं दिसलंय, आणि टोकदार खुंट कुणाला हवेत? जखम पूर्ण मिटेपर्यंत ट्रिमर. केस काढायचं क्रीम उघड्या जखमेजवळ कधीच नाही.

परवडत असेल तर लेसरनं केस काढून घ्या. अमेरिकेत ११ ते २१ वयाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसती नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना वर्षभरात आजार परतला. सोबत लेसर घेतलेल्यांत हे प्रमाण दहात एक होतं. आपल्या सावळ्या कातडीला चुकीच्या यंत्रानं चटका बसतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा आणि यंत्र डायोड की एनडी-याग, ते विचारा. सहा-आठ बैठका लागतात, महिना-दीड महिन्याच्या अंतरानं. ब्यूटी पार्लरमधल्या सवलतीच्या पॅकेजला भुलू नका.

दर रविवारी फोनवर एक फोटो. नवं बारीक छिद्र दिसलं तर पू व्हायची वाट न बघता जायचं, कारण त्या टप्प्यावर छोट्या उपायात भागतं. आणि सलूनमधून आल्यावर मी सोफ्यावर बसत नाही. शर्ट दारातच काढतो, सरळ मोरीत जातो, डोकं-मान-पाठ आणि खालची घळ वाहत्या पाण्यानं धुतो. आमचा न्हावी विचारायचा, एवढी कसली घाई असते तुम्हाला. एकदा त्याला सगळं सांगितलं. त्यानं बोटं पसरून बेचकं पुढे केलं आणि म्हणाला, "हे काय आहे मग, साहेब?" तिथे बारीक काळं छिद्र होतं. माझ्या सर्जनचा नंबर मी त्याला दिलाय.